धाकट्याने जागा सोडायची नाही

२ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं तिकीट या पाकिटात आहे. बारा तारखेची गाडी, खिडकीची जागा, खालचा बर्थ. तिकीट पर्समध्ये, पर्स पिशवीत आणि पिशवी बर्थखाली ठेवून समोर उभ्या टीसीकडे बावळटासारखं हसायचं, ही सवय तुला असणारच. जगातल्या सगळ्या प्रवाशांना असते, जन्मभर तेच बघत आलोय. तेव्हा तिकीट हातात धर. गाडीत कोणी काही खायला दिलं तर घेऊ नकोस, आणि तू कोणाला आपली जन्मकथा देऊ नकोस.

तुझी खोली रंगवून घेतली. तू पिवळा म्हणाली होतीस. डब्यात तो पिवळाच दिसत होता, भिंतीवर चढल्यावर त्याचा भोपळा झाला. पण उजेड छान पडतो. इथे तुला कंटाळा येणार नाही याची हमी माझी. रोज संध्याकाळी मित्रमंडळी जमतात, पत्त्यांचा अड्डा पडतो, हसून हसून शेजारच्या नर्सबाई भिंत ठोकतात. स्वयंपाक मी करतो. दोन भाज्या रोज, शिळं बंद.

थोडे दिवस राहून बघ, म्हणजे कायमचं यायचं की नाही ते ठरवता येईल. मी आपलं तेच ते पुन्हा सांगतो: कपडे उसवत आणि शिवत एकटीने दुकान ओढण्याचं आता आपलं वय राहिलेलं नाही. दुकानमालक महिनाअखेरपर्यंत उत्तर मागतोय ना? मग इथून ‘दुकान सोडते’ एवढं कळव आणि सुटून जा.

संपाच्या बातम्यांनी घाबरू नकोस. माझ्या नोकरीत दरवर्षी संप व्हायचा होता, आणि दरवर्षी साहेब आणि युनियन चहा पिऊन घरी जायचे.

डोळे कसे आहेत ते कळव. शिवणयंत्र आणू नकोस. विश्रांतीसाठी येत आहेस.

तुझा थोरला भाऊ


६ मार्च

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद. (‘उत्तम’ हा शब्द जास्तीचा आहे. थोरल्यांचा आशीर्वाद जरा वजनदार असावा लागतो.)

थोरला भाऊ म्हणे! जुळ्यांमध्ये आधी कोण आलं हे आईशिवाय कोणाला माहीत असणार? बाबा गार्डाच्या ड्युटीवर. ते घरी आले तेव्हा सुईणीने तुला आधी त्यांच्या हातात ठेवलं, कारण तू रडत होतास आणि मी शहाण्यासारखी झोपले होते. एवढ्यावरून त्यांनी तुला थोरला ठरवलं. आता आई दर वेळी वेगळं सांगायची हे मी मान्य करते. पण त्याचंही कारण होतं. ज्याने काच फोडली असेल त्याला ती ‘थोरला असून कळत नाही?’ म्हणायची. माझ्या आठवणीत तू जास्त काचा फोडल्यास, म्हणून तुझा असा गोड गैरसमज झालाय.

तिकीट मिळालं. हातात धरून बसायला अजून सहा दिवस आहेत, तोवर भांडी घासू का नको?

खरं सांगायचं तर दुकान सोडायचं म्हटलं की मी उगाच फळी पुसत बसते. केवढंसं दुकान ते. एक दार, एक फळी, मागे माझी राहायची खोली. पण त्या दारातून या गल्लीतल्या प्रत्येकाची पँट एकदा तरी आत आली आहे. कोण जाड झालं, कोण बारीक झालं, कोणाचं पोर रातोरात उंच झालं, सगळं मला आधी कळतं. तिकडे तुझ्या भोपळ्यात बसून मला काय कळणार? पण तुझ्या अड्ड्याचं वाचून हेवाही वाटतो. माझ्या संध्याकाळी मी आणि रेडिओ, आणि रेडिओची खरखर.

डोळ्यांचं विचारतोस. उत्तम आहेत. सुईत दोरा अजून एका दमात ओवते.

यंत्र आणतेच आहे. त्याला तिकीट लागतं का, की मांडीवर घेतलं तर फुकट?

तुझी थोरली बहीण


१० मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

माझे दात माझ्याच घशात गेले. संप झाला. कालपासून एकही लांबची गाडी हललेली नाही. स्टेशनचं मोठं फाटक बंद आहे आणि त्याच्यापुढे ड्रायव्हर, गार्ड, सिग्नलवाले, सफाईच्या बायका, सगळे सतरंज्या टाकून बसलेत. नव्या साहेबांनी ड्रायव्हरांना दोन पाळ्या सलग लावल्या, मधली झोप कापली. हजार माणसं मागे बांधून झोपाळलेल्या डोळ्यांनी इंजिन कोण चालवील? मी निवृत्त असलो म्हणून काय झालं, मी त्यांच्याच बाजूचा.

कचेरीतल्या लोकांना इंजिनात चढवून दोनचार ‘विशेष’ गाड्या काढायचा साहेबांचा विचार आहे. मला निरोप आला की जुना कोट घालून तिकिटं तपासायला या. कोट आता बसत नाही असं मी कळवलं. बसतो, अगदी पूर्वीसारखा. पण बाबांचं आठवतं ना? ज्या गाडीचा गार्ड संपावर, त्या गाडीत रेल्वेच्या घरातल्या माणसाने पाय ठेवायचा नाही. तेव्हा तुला अशा गाडीत जागा देऊ केली तरी चढू नकोस.

तू तिथेच थांब. काय करायचं ते मी बघतो. टपाल तेवढं बसने जातंय, तेव्हा पत्र लिही.

तुझा थोरला भाऊ


१३ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

थांब म्हणणं सोपं आहे. माझा निरोप समारंभ झालाय!

संप लांबणार हे कोणाला माहीत होतं? अकराला संध्याकाळी गल्लीने मला निरोप दिला. शेजारी बूट दुरुस्त करतात ते टाचेवाले भाषणाला उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि ढसाढसा रडले. वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंनी सगळ्यांच्या वतीने चाकांची बॅग दिली. मीही रडले, सर्वांना मिठ्या मारल्या, ‘चुकलंमाकलं माफ करा’ म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला बाहेर पडले! टाचेवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचं भाषण फुकट घालवलं. आता मी चोरासारखी मागच्या दाराने ये-जा करते. लोकांचे कपडे सगळे परत करून टाकलेत, तरी मागच्या दारानेच कोणी ना कोणी एखादी पँट सरकवतं आणि हळूच म्हणतं, ‘जाईपर्यंत एवढी टीप घालून ठेवा.’

स्टेशनवर चौकशीला गेले होते. खिडकीतला माणूस म्हणाला, विशेष गाडीत बसवून देतो, आजी. जीभ वळवळली होती हो म्हणायला, आणि ‘आजी’ म्हणाला म्हणून चार शब्द सुनवायलाही. पण फाटकाबाहेर बसलेल्यांची तोंडं बघितली आणि तशीच परत आले. बाबांची लेक मीही आहे.

मालक कालही डोकावून गेला. तुमचं काय ठरलं, काय ठरलं. माझंच मला ठरत नाही.

पण एक सांग, तुझं काय चाललंय? मागच्या पत्रात मित्रांचं नाव नाही, पत्त्यांचं नाही, दोन भाज्या नाहीत की एकही नाही. तू जेव्हा कमी बढाया मारतोस तेव्हा मला काळजी वाटते. लहानपणी ताप भरला की तू असाच गप्प व्हायचास.

तुझी थोरली बहीण


१९ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद देऊ की कपाळावर हात मारून घेऊ?

हे पत्र मी तुझ्या टेबलाशी, तुझ्या खुर्चीवर बसून, तुझ्याच पेनाने लिहितोय. वर पत्ता माझा घातलाय. स्वतःच्या घरी दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकणारा मी या संपातला पहिलाच इसम असेन.

निरोप समारंभाचं तू पत्र लिहिलं होतंस हे इथे आल्यावर गल्लीकडून कळलं, मला ते मिळालंच नाही. मी त्याआधीच निघालो. मला वाटलं, पोरगी ट्रंकेवर बसून वाट बघत असेल, तिला घेऊन यावं. बटाट्याच्या एका लॉरीत बसून निम्मी वाट काटली. लॉरीवाल्याला पैसे द्यायला लागलो तर तो घेईना. म्हणजे मी, इतकी वर्षं बिनतिकीट प्रवाशांना कानाला धरून उतरवणारा मी, आयुष्यात पहिल्यांदा फुकट्या झालो, तोही बटाट्यांच्या डोक्यावर बसून. पुढे दोन बस बदलल्या. तुझ्या गल्लीत पोचलो तर दाराला कुलूप. टाचेवाले तोंडातले खिळे काढून म्हणाले, ‘ताई तर भावाला बघायला गेल्या! परवाच. बसने.’ मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, ‘तो भाऊ तुम्हीच का?’

किल्ली त्यांनीच दिली आणि वर चहाही पाजला. सगळी गल्ली मला बघायला आली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे का झालं ते कळलं ना तुला? बाबा आपल्याला मोठ्या स्टेशनावर नेताना काय बजावायचे? चुकामूक झाली तर धाकट्याने जागा सोडायची नाही, थोरल्याने शोधायला जायचं. मी थोरला, म्हणून मी निघालो. तू जागेवर बसायचंस! पण नाही. तुलाही थोरलेपण मिरवायचं होतं. साठी उलटल्यावर दोन थोरले एकाच रस्त्याने एकमेकांना शोधत, एकमेकांच्या शेजारून निघून गेले. कोणत्या बसच्या खिडकीत होतीस कोण जाणे.

आता माझी कंबर बटाट्यांनी मोडली आहे. गाड्या सुरू होईपर्यंत मी इथून हलू शकत नाही. तूही तिकडेच थांब. माझ्या घरात फार उचकापाचक करू नकोस.

तुझा (तरीही) थोरला भाऊ


२० मार्च

चि. धाकट्यास,

पोचले. तू नाहीस. नर्सबाईंनी दार उघडून दिलं आणि तू बहिणीला आणायला गेल्याचं सांगून तोंडावर हात धरून हसल्या. मीही हसले, नाहीतर तिथेच जिन्यात बसून रडले असते. यंत्र मांडीवर घेऊन तीन बस बदलल्यात मी. एका कंडक्टरने मला खाली उतरेपर्यंत ‘शिलाईवाल्या आजी’ म्हणून हाका मारल्या.

तू माझ्याच घरी पोचला असशील असं धरून हे लिहिते. बाबांचा नियम तुला आठवत असेल तर चूक कोणाची ते तूच बघ.

आता तुझ्या घराविषयी. माझी खोली बघितली. नवा पलंग, नवे पडदे, खिडकीत दोन कुंड्या, आणि भोपळा म्हणालास तसा काही वाईट नाही रंग. किती मन लावून केलंस रे. मग तुझ्या खोलीत गेले. एक खाट, एक खिळा, खिळ्याला तुझा जुना कोट. स्वयंपाकघरात एक कप, एक ताटली. टेबलाला खुर्ची एक. मग तो अड्डा कुठे बसतो, जमिनीवर? पत्ते सापडले. एकट्याने खेळायचा डाव अर्धवट मांडून ठेवला होतास. कपाटात दोन भाज्या शोधल्या. बिस्किटांचे पुडे निघाले, तेही एकाच जातीचे. नर्सबाईंना मी सहज विचारलं, भिंत किती वेळा ठोकावी लागते? त्या म्हणाल्या, ‘आजोबांच्या घरातून आवाज? मी इथे राहायला आल्यापासून तुम्ही त्यांच्या पहिल्या पाहुण्या.’

मला रागही आला आणि भरूनही आलं. सध्या राग जास्त आहे.

तुझी थोरली बहीण


२३ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

खुर्ची एकच आहे कारण मी एका वेळी एकाच खुर्चीवर बसतो. बिस्किटं पौष्टिक असतात. अड्डा पूर्वी भरायचा. एक मित्र मुलीकडे गेला, एक देवाकडे. तुला लिहायचं राहून गेलं. एवढ्यावर हा विषय संपला.

इथे मात्र अनर्थ घडलाय. कोंदट वास जावा म्हणून मी दुकानाचं दार जरा उघडलं. झालं! अर्ध्या तासात फळीवर पँटींचा ढीग. मी सांगतोय की दुकान बंद आहे, मी भाऊ आहे, मला शिवता येत नाही. लोक म्हणतात, बरं बरं, सावकाश द्या. मागच्या दाराने तू घेऊन ठेवलेले कपडे न्यायलाही लोक आले. एका गृहस्थांनी राखाडी पँट मागितली. मी म्हटलं, पावती? ते म्हणाले, पावती कसली? ताई बघून ओळखतात. मी म्हटलं, मी तुमच्या पायांना ओळखत नाही, पावतीशिवाय पँट मिळणार नाही. जुनी सवय गं! तर ते गृहस्थ अंगातली काढून मापाला माप लावून दाखवायला निघाले. मी पँट देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी कळलं की ती त्यांची नव्हतीच. आता तिचा खरा मालक रोज येऊन माझ्याशी भांडतो आणि भांडून झालं की चहा घेतो.

मग मी चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक कपड्याला टाचणीने एक नंबर, गिऱ्हाइकाच्या हातात तोच नंबर. गल्ली हसली. पण आता सगळे चिठ्ठी हातात धरून रांगेत उभे राहतात. टीसीकाका म्हणतात मला.

आणि आता ऐक. रोज सकाळी गणिताच्या बाई खाली येतात, तुझी टाचणीची उशी घेतात, आणि शाळेत जायच्या आधी डझनभर सुया ओवून त्यात खोचून ठेवतात. पांढरा, काळा, निळा, खाकी. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, ‘ताईंना दोरा दिसत नाही ना, दोन वर्षं झाली. हात मात्र अजून देखणा आहे त्यांचा.’

एका दमात ओवतेस, नाही का?

मला राग आला नाही. लाज वाटली. तुझ्या सुया कोण ओवतं हे परक्या बाईंना ठाऊक, आणि मी पानंच्या पानं उपदेश लिहीत बसलो.

तुझा भाऊ


२६ मार्च

प्रिय भावा,

पकडलंस. दोन वर्षांपासून सगळं धुरकट दिसतं. टाका घातला की बोटांना कळतं, डोळ्यांची गरज लागत नाही, फक्त ते सुईचं भोक तेवढं वैरी झालंय. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी मला उचलून नेलं असतंस.

आता माझी पाळी. परवा पाव आणायला स्टेशनकडे गेले. फाटकापुढचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक ड्रायव्हर बाई उठून आली, म्हणाली, ‘तुमचं नाक ओळखीचं वाटतं. टीसीसाहेबांच्या कोण तुम्ही?’ मी म्हटलं, थोरली बहीण. सगळे एकदम म्हणाले, ‘साहेब बरे आहेत ना? आठवडा झाला दिसले नाहीत.’ आणि मग त्यांनीच सांगितलं. रोज सकाळी तू तीन नंबरच्या फलाटावर त्या घड्याळाखालच्या बाकावर जाऊन बसतोस. प्रत्येक लांबच्या गाडीला हजर. कोणाचा डबा कुठे लागेल ते सांगतोस, म्हाताऱ्यांच्या पिशव्या चढवतोस, आणि गाडी सुटली की हात हलवतोस. प्रवाशांना वाटतं तू अजून नोकरीत आहेस. संप झाला, फलाट बंद झाला, तेव्हा तू दोन दिवस त्या बंद फाटकाशीच उभा होतास. मग किटली घेऊन त्यांच्यात येऊन बसायला लागलास.

मला तू यातलं काहीच लिहिलं नाहीस. अरे वेड्या, निघालेल्या माणसांना हात करत दिवस काढायचास आणि मला लिहायचास की हसून भिंत हलते!

त्यांचा फलक वाऱ्याने फाटला होता. मी यंत्र घेऊन गेले आणि तिथेच सतरंजीवर बसून दुहेरी शिवण मारून दिली. सुई ड्रायव्हर बाईने ओवली. आता रोज जाते. कोणाचं बटण, कोणाची बाही. साहेब लोक येऊन वाकून बघून जातात की हे काय नवीन.

पण संप काही माझ्यासाठी चालू राहणार नाही. तो मिटला की हे सगळे कामावर जातील आणि तू परत त्या बाकावर. तेव्हा मी ठरवलंय. मी इथेच राहते. एक खुर्ची विकत घेतली आहे, काल आणली. मालक महिनाअखेर येईल तेव्हा त्याला सांग, ताईने दुकान सोडलं, आणि किल्ली देऊन टाक. टाचेवाल्यांना नीट सांग, पुन्हा भाषण नको म्हणावं. गणिताच्या बाईंना काय सांगायचं ते मला सुचत नाही.

तू म्हणत होतास तेच झालं. जिंकलास. मला वाईट वाटत नाहीये असं नाही. खूप वाटतंय. पण तुला त्या एका कपाशी सोडून मला तिकडे टाके घालत बसता येणार नाही.

तुझी बहीण


३० मार्च

तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार.

चष्मा पुसू नकोस, बरोबर वाचलंस. का ते सांगतो.

काल मालक आला. बरोबर दुकान घेणारा माणूसही होता. त्याने खिशातून टेप काढून भिंती मोजायला सुरुवात केली. तुझं पत्र माझ्या वरच्या खिशात होतं. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं आणि किल्ली पुढे करायची होती. गेली कित्येक वर्षं मी ज्या एका गोष्टीसाठी तुझ्या मागे लागलो ती माझ्या हातात आयती आली होती.

तेवढ्यात तो राखाडी पँटवाला आला आणि त्याने माझ्याशी रोजचं भांडण सुरू केलं. त्याच्यामागे रांग. कोणीतरी ओरडलं, ‘टीसीकाका, अहो आमचा नंबर!’ टाचेवाले मधल्या भिंतीवर हातोडी आपटून म्हणाले, चहा झालाय. आणि ताई, मला एकदम कळलं की नोकरी सुटल्यापासून माझ्याशी कोणी भांडलंच नव्हतं. प्रवासी नाही, साहेब नाही, कोणीच नाही. तू सोडून. तूही पत्रातून, आठवड्यातून एकदा.

मी मालकाला म्हटलं, ‘दुकान सोडायचं नाही. ती परत येते आहे. आणि मीही इथेच राहतोय.’ त्याने विचारलं, हे कधी ठरलं? मी म्हटलं, आत्ता. तुमच्यासमोर.

तुला न विचारता बोललो. वेळ नव्हता. तू माझ्यासाठी तुझी गल्ली सोडायला निघालीस, आणि मी मात्र एका बाकासाठी तुला तुझ्या माणसांतून उपटून काढत होतो. त्या गावात मला सोडायला काय आहे? एक फलाट. तिथल्या गाड्या मी हात केला नाही तरी सुटतील.

शिवणं मला या जन्मी जमणार नाही. पण गणिताच्या बाईंची बदली व्हायची आहे पुढच्या महिन्यात, आणि सुया मी आता बऱ्या ओवतो. आज सकाळी उशी मीच भरली. खाकीला जरा वेळ लागला.

नियम तुला माहीत आहे. धाकट्याने जागा सोडायची नाही, थोरल्याने यायचं. मी जागा सोडत नाही. आता थोरलं कोण ते उघड आहे. ये.

तुझा धाकटा भाऊ


२ एप्रिल

प्रिय भावा,

संप मिटला. दोन पाळ्यांच्या मध्ये ड्रायव्हरांना झोप मिळाली. बाकी मागण्यांवर साहेबांनी ‘विचार करू’ म्हटलं आहे. ड्रायव्हर बाई सांगायला धावत आली तेव्हा मी तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचत होते. तिने माझं तोंड बघून विचारलं, आजी, वाईट बातमी का? मी म्हटलं, नाही गं, मला घर परत मिळालंय, भावासकट.

हे पत्र आज सुटणाऱ्या पहिल्या टपालगाडीने येईल. मी चार दिवसांनी. तुझं घर नर्सबाईंच्या भावाला राहायला दिलं. त्याला भोपळा आवडला. तुझा कोट घडी करून घेतला आहे, गल्लीच्या चहापाण्यावर तू जाड झाला असशील, तेव्हा आता मात्र तो खरंच बसवून द्यावा लागेल. गाडी ड्रायव्हर बाई चालवणार आहे, रात्रभर नीट झोपून.

आता त्या नमस्काराचं. वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरभर एकटीच नाचले. नर्सबाईंना बोलावून मुद्दाम वाचून दाखवलं. पण दुपारपर्यंत तो आनंद विरला. जेवताना मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. अरे, हा नमस्कार मी घेऊन करू काय? आपल्यात आधी कोण आलं यावर साठ वर्षं माझ्याशी भांडणारा एकच माणूस या जगात आहे. तोच वाकून मोकळा झाला तर मी कोणाशी भांडू? त्या पँटवाल्याशी?

ऐकायचं असेल तर एवढं ऐक. सुया ओव, रांगा लाव, लोकांकडे पावत्या माग. पण धाकटा होऊ नकोस. खोली लहान असली तरी दोन थोरली माणसं तिच्यात आरामात मावतील.

स्टेशनवर ये. या वेळी फलाटावर तू गाडीला हात करायचा नाही. गाडीतून मी करणार आहे.

तुझी थोरली बहीण